आधी मातीची परीक्षा

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातून १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंदिस्त मालमोटारी कडेकोट पोलीस बंदोबस्तात बाहेर पडल्या. त्यांत ३३७ टन विषारी कचरा होता आणि तो जाळून नष्ट करण्यासाठी इंदूरजवळच्या, धार जिल्ह्यातील पीथमपूर या उद्योगनगरीत न्यायचा होता. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या त्या काळरात्रीनंतर हा कचरा कारखान्याच्या आवारातून हलायला चाळीस वर्षे लागली; आणि तीही उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घालून दिली तेव्हा. गाड्या पीथमपुरात पोहोचताच तिथल्या जनतेत उद्रेक झाला. लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी अंगाला आग लावून घेतली. अखेरीस न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी चाचण्या झाल्या आणि जूनच्या अखेरीस सारा कचरा जळून राख झाला. या कामासाठी केंद्र सरकारने १२६ कोटी रुपये मंजूर केले होते.

भोपाळचे एक प्रकरण संपले, असे त्या दिवशी अनेकांना वाटले असेल. वस्तुस्थिती तशी नाही. जाळले गेले ते आवारातून गोळा करून कोठारात ठेवलेले, पोत्यांत भरता येण्याजोगे विष. मातीत मुरलेले विष आणखी निराळे आहे. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था यांनी या आवाराची पाहणी करून २०१० मध्ये जो अहवाल दिला, त्यात दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन इतका होता. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा गाजावाजा झाला, तो कचरा त्या मातीच्या तीन हजाराव्या हिश्श्याएवढाही नाही. आणि हा अंदाजसुद्धा केव्हा हाती आला? दुर्घटनेनंतर सव्वीस वर्षांनी. मधल्या काळात आवाराभोवतीच्या वस्त्या त्याच भूमीतले पाणी उपसून पीत होत्या. त्यांना दुसरीकडून स्वच्छ पाणी पुरवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये द्यावा लागला.

भोपाळच्या वायुकांडाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्ही वाचकांचे लक्ष त्या शोकांतिकेच्या एका दुर्लक्षित अंगाकडे वेधू इच्छितो. एखादा कारखाना बंद पडतो, मालक निघून जातो, फाटकाला गंज चढतो, आवारात रान माजते. त्या जमिनीखाली काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते आणि ते शोधून काढणे हे कोणाचेच काम नसते. साफसफाईचा, भरपाईचा, पुनर्विकासाचा वाद पुढचा आहे. त्या सर्वांच्या आधी येते ती परीक्षा: माती आणि पाणी तपासण्याची. ही पहिली परीक्षा सार्वजनिक पैशाने, वेळेवर आणि उघडपणे झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खाजगी जमिनीची तपासणी सरकारने आपल्या पैशाने का करावी, असा प्रश्न सुज्ञ वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्याने घाण केली त्याने ती काढावी, हा न्याय साध्या माणसालाही कळतो, आणि तो योग्यच आहे. परंतु बंद कारखान्याची स्थिती काय असते ते पाहा. कंपनी दिवाळ्यात निघालेली असते. बँका कर्जापोटी त्या जमिनीवर हक्क सांगत असतात आणि कामगारांची थकलेली देणी त्याच जमिनीच्या विक्रीवर अवलंबून असतात. माती तपासायला कोणाच्याही हाती पैसा नसतो. असलाच तर इच्छा नसते. कारण न तपासलेली जमीन म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची! तपासली आणि विष निघाले तर किंमत कोसळणार, शिवाय जबाबदारी गळ्यात पडणार. त्यापेक्षा कुंपण घालून स्वस्थ बसणे मालकाला परवडते. घेणारा संशयाने दूर राहतो. नुकसान होते ते कुंपणाबाहेरच्या माणसाचे. कारण भूमिगत पाण्याला सर्व्हे नंबराची हद्द ठाऊक नसते. ज्या माहितीवाचून साऱ्या गावाचे नुकसान होते आणि जी मिळवण्यात कोणा एकाचाच फायदा नसतो, ती मिळवणे हे सरकारचेच कर्तव्य ठरते.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे. तिच्या शहाणपणाइतकाच तिच्या चुकीमुळेही. न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स या शहरात लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट खोदलेला कालवा होता. हूकर केमिकल या कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे एकवीस हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती लोटली आणि ती जागा अवघ्या एका डॉलरला तिथल्या शिक्षण मंडळाला विकून टाकली. खाली रसायने आहेत आणि पुढे काही झाल्यास आपण जबाबदार नाही, असे कलम खरेदीखतात घालायला कंपनी विसरली नाही. मंडळाने तिथे शाळा बांधली, भोवती घरे उठली. पुढे पंचवीस वर्षांनी तळघरांतून रसायने झिरपू लागली आणि ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. बांधकामापूर्वी मातीची कसून परीक्षा झाली असती, तर त्या जागेवर मुलांची शाळा उभी राहिलीच नसती.

या धक्क्यातून डिसेंबर १९८० मध्ये तिथे जो कायदा झाला, तो 'सुपरफंड' या नावाने ओळखला जातो. तो कठोर होता आणि असायलाच हवा होता. विष ओतणारा, ते वाहून आणणारा आणि जमिनीचा आजचा मालक अशा साऱ्यांना त्याने जबाबदार धरले. परंतु त्यातून एक अनपेक्षित परिणाम झाला. जुन्या कारखान्याची जागा विकत घेणारा मनुष्य स्वतः निर्दोष असला, तरी मालक या नात्याने तोही अडकू लागला. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी भीती सर्वत्र पसरली. बँका अशा जागांवर कर्ज देईनात. व्यापारी शहराबाहेरची कोरी शेतजमीन घेऊ लागले आणि शहरांच्या मध्यभागी ओसाड कारखान्यांच्या रांगा तशाच पडून राहिल्या. अशा जागांना तिकडे 'ब्राउनफील्ड' म्हणतात. त्यांची संख्या साडेचार लाखांहून अधिक असावी, असा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे.

हा तिढा सोडवण्यासाठी त्यांनी जो उपाय योजला, तो आकाराने अगदी लहान होता. १९९३ मध्ये ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराच्या कायहोगा परगण्याला दोन लाख डॉलरचे पहिले अनुदान देण्यात आले. एवढ्या रकमेत एखादा मोठा कारखाना साफ होणे शक्य नव्हते, आणि तो हेतूही नव्हता. पडीक जागांची यादी करावी, त्यांची तपासणी करावी आणि त्यांच्या पुढील उपयोगाचा आराखडा आखावा, एवढेच अपेक्षित होते. पुढे अशी अनुदाने ठिकठिकाणच्या नगरपालिकांना मिळू लागली. २००२ च्या कायद्याने या योजनेला पक्का पाया दिला, आणि खरेदीपूर्वी रीतसर चौकशी करणाऱ्या प्रामाणिक खरेदीदाराला जुन्या पापाच्या जबाबदारीतून मोकळीक दिली. या कायद्यातील व्याख्या ध्यानात घेण्याजोगी आहे. जिथे दूषण आहे तीच नव्हे, तर जिथे दूषण असण्याचा संभव आहे आणि त्यामुळे पुनर्वापर अडला आहे, ती जमीनही त्या व्याख्येत बसते. नुसत्या संशयानेही गावाचे नुकसान होते, ही गोष्ट त्या कायद्याने ओळखली. २०२१ मध्ये पायाभूत सुविधांच्या कायद्यान्वये या कार्यक्रमाला पाच वर्षांसाठी दीड अब्ज डॉलर देण्यात आले.

तपासणी म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. तिचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात जमीन खणत नाहीत, कागद खणतात. जुने नकाशे, परवाने, कोणता माल येत होता आणि कोणता कचरा जात होता याच्या नोंदी पाहायच्या. जुन्या कामगारांना आणि शेजाऱ्यांना भेटायचे. आवारात फिरून गंजलेल्या टाक्या, करपलेले गवत, रंग बदललेली माती टिपायची. संशयाला आधार सापडला तर दुसरा टप्पा. ठिकठिकाणी भोके पाडून निरनिराळ्या खोलीवरची माती घ्यायची, विहिरींचे आणि भूमिगत पाण्याचे नमुने घ्यायचे आणि ते प्रयोगशाळेत पाठवायचे. त्यावरून ठरते की ही जागा घरांना योग्य आहे, की केवळ गोदामाला. मुलांचे मैदान इथे चालेल, की वर पक्का थर घालून वाहनतळच करावा लागेल. पुष्कळदा असेही आढळते की ज्या जागेची वर्षानुवर्षे धास्ती घेतली, तिथे भिण्यासारखे फारसे काही नव्हते. असा निर्वाळा मिळणे हासुद्धा मोठाच लाभ होय.

आता आपल्या देशाकडे वळू. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाविषयीचे नियम अधिसूचित केले. घातक कचरा कसा हाताळावा याचे नियम आपल्याकडे पूर्वीपासून होते. परंतु जी जमीन आधीच नासली आहे तिचे काय करायचे, याची कायदेशीर रीत प्रथमच ठरली. स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासन यांनी संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी कळवायची, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक आणि पुढील तीन महिन्यांत तपशीलवार परीक्षा करायची, दूषण सिद्ध झाले तर ती जागा जाहीर करून तिथला वावर रोखायचा, दोषी कोण हे ठरवून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा, आणि दोषी सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र व राज्य यांनी तो भार उचलायचा, असा हा क्रम आहे. कागदावर तो निर्दोष दिसतो, आणि आम्ही त्याचे मनःपूर्वक स्वागत करतो.

तथापि स्वागताबरोबरच एक शंका नोंदवणे भाग आहे. देशात अशी १०३ दूषित स्थळे निश्चित झाल्याचे सांगण्यात आले, आणि त्यांपैकी केवळ सात ठिकाणी सुधारणेचे काम सुरू झाले होते. नियमांत नव्वद दिवसांची मुदत घालणे सोपे आहे. परंतु त्या नव्वद दिवसांत नमुने घेणारी माणसे, भोके पाडणारी यंत्रे आणि प्रयोगशाळांची बिले यांसाठी पैसा कोठून येणार? त्यासाठी स्वतंत्र, राखीव आणि दरवर्षी न चुकता मिळणारी तरतूद नसेल, तर संशयित जागांच्या यादीत भर घालायला जिल्हाधिकारीही कचरतील, कारण यादीतली प्रत्येक जागा म्हणजे नवा खर्च. पर्यावरणाच्या नावाने गोळा केलेला पैसा दुसरीकडे वळल्याचा अनुभवही आपल्या गाठीशी आहे. २०१० मध्ये स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी कोळशावर उपकर बसवला गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा त्याची जागा राज्यांना भरपाई देण्यासाठीच्या उपकराने घेतली. परीक्षेच्या निधीचे तसे होऊ नये.

सरकारने तपासणीचा खर्च केला म्हणजे दोषी सुटला, असे कोणी समजू नये. खरे तर वसुलीची वाट तपासणीतूनच जाते. अमुक इतकी माती, अमुक इतक्या खोलीपर्यंत, अमुक रसायनाने नासली आहे, असा पुरावा हाती असेल तरच न्यायालयात दावा उभा राहतो. तो वेळेवर हाती नसला म्हणजे काय होते, हेही भोपाळनेच दाखवले आहे. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती कमी पडते म्हणून वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये याचिका केली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. दशकांनंतर मांडलेला हिशेब न्यायासनापुढे टिकणे किती कठीण असते, याचा हा धडा आहे.

या नियमांचा आपल्या गोमंतकाशी कोणता संबंध आहे, तेही पाहिले पाहिजे. भोपाळसारखी दुर्घटना इथे घडलेली नाही, ही देवाची कृपा. परंतु बंद पडलेले कारखाने इथेही आहेत. कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीतील बंद जस्त कारखान्याच्या आवारात राहून गेलेल्या घातक कचऱ्याचा प्रश्न तिथल्या नागरिकांना वर्षानुवर्षे लावून धरावा लागला. कारखाना जातो आणि कचरा राहतो, हे त्यांनी अनुभवाने जाणले आहे. औद्योगिक वसाहतीतला भूखंड एकाकडून काढून दुसऱ्याला देताना थकबाकी, भाडे, बांधकाम या सर्वांची छाननी होते. त्याच वेळी मातीची आणि जवळच्या विहिरीची परीक्षा का होऊ नये? प्रत्येक हस्तांतरणापूर्वी अशी परीक्षा सक्तीची केली, तर मागच्याचे पाप पुढच्याच्या माथी येणार नाही आणि पुढच्यालाही मागच्याकडे बोट दाखवून निसटता येणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. खाणकामातून झालेले दूषण या केंद्रीय नियमांच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे. त्यात अन्य घातक द्रव्य मिसळून ठरलेली मर्यादा ओलांडली गेली असेल, तरच नियम लागू होतात. याचा अर्थ डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि धारबांदोडा या तालुक्यांतील जुन्या खाणींचे खड्डे आणि मातीचे डोंगर हे एरवी या नव्या व्यवस्थेच्या बाहेरच राहतात. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या. पण पावसाळा कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने थांबत नाही. ढिगाऱ्यांची लाल माती शेतांत आणि ओहोळांत उतरते, तिच्या गाळाने पिके बुडतात, हे त्या भागातील शेतकऱ्याला कोणी अहवालातून सांगण्याची आवश्यकता नाही. कोणता ढिगारा धोक्याचा आहे, कोणत्या खड्ड्यातले पाणी पिण्याजोगे अथवा शेतीजोगे आहे आणि कोणत्या जागेवर पुन्हा झाडे किंवा उद्योग उभे करता येतील, याची खड्ड्याखड्ड्याची आणि ढिगाऱ्याढिगाऱ्याची उघड नोंद मात्र त्याच्यापुढे यायला हवी.

यासाठी पैसा नाही, ही सबब गोमंतकात तरी चालण्यासारखी नाही. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निर्माण झाली आणि पर्यावरणाचे रक्षण व प्रदूषणाचे नियंत्रण हे त्या निधीच्या अग्रक्रमाच्या कामांत मोडते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निवाड्यात खनिजाच्या विक्रीच्या दहा टक्के रकमेतून पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधी उभारण्यास सांगितले. पुढच्या पिढ्यांना आपण कोणती जमीन देत आहोत हे तपासून पाहण्याइतके त्या हेतूला साजेसे दुसरे काम कोणते असणार?

यात धोके नाहीत असे नव्हे. सरकारी पैशाने जमीन तपासायची आणि निर्मळ ठरताच ती एखाद्या बांधकाम व्यावसायिकाने स्वस्तात घशात घालायची, असे घडू शकते. त्यावर उपाय आहेत. तपासणीचा खर्च जमिनीवर बोजा म्हणून नोंदवावा आणि विक्रीच्या वेळी तो प्रथम वसूल करावा. अहवाल पंचायतीच्या फलकावर लावावा, आणि तो केवळ इंग्रजीत नव्हे तर लोकांना समजेल अशा मराठीत आणि कोकणीत असावा. नमुने घेताना गावचे दोन पंच हजर असावेत. पीथमपूरच्या लोकांनी दंगा केला असे म्हणून त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु ज्यांना आधी काहीच सांगितले गेले नाही, त्यांनी नंतर दिलेल्या आकड्यांवर विश्वास का ठेवावा? परीक्षा झाली आणि तिचा निकाल दप्तरात पडून राहिला, तर ती न झाल्यासारखीच.

आणखी एक विचार आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आपल्या चिमुकल्या राज्यात जमीन मोजकीच आहे. घरांसाठी आणि उद्योगांसाठी डोंगर कापले जातात, शेते बुजवली जातात, पिढ्यान् पिढ्या बांध राखून समुद्राच्या हाती न दिलेल्या खाजनांवरही भराव पडतो. अशा वेळी एकदा वापरून टाकून दिलेली जमीन तपासून, सुधारून पुन्हा उपयोगात आणणे म्हणजे तेवढीच शेते आणि डोंगर वाचवणे होय. बंद कारखान्याच्या आवारात नवा कारखाना उभा राहिला तर एखाद्या गावचे कुळागर शाबूत राहते. त्यासाठी आधी त्या आवारातली माती कशी आहे ते समजले पाहिजे.

घर बांधण्यापूर्वी भूमीची परीक्षा करावी, मग पाया खणावा, ही आपली जुनी रीत आहे. आपले पूर्वज खड्डा खणून त्यात पाणी ओतीत, ते किती वेळात मुरते ते पाहत, मातीचा रंग आणि वास पारखीत. त्यांना शिसे आणि पारा मोजण्याची साधने नव्हती. पण न पारखलेल्या भूमीवर मुलाबाळांना राहू द्यायचे नाही, एवढा विवेक होता. आज साधने आहेत, नियम झाले आहेत आणि निदान आपल्या राज्यात तरी निधी उपलब्ध होण्याजोगा आहे. येत्या अर्थसंकल्पात सरकारने या कामासाठी स्वतंत्र शीर्षक उघडावे, बंद कारखान्यांची आणि जुन्या खाणींची पहिली यादी वर्षाच्या आत जाहीर करावी आणि तपासणीला प्रारंभ करावा. भोपाळला हे सारे समजायला सव्वीस वर्षे लागली. आपल्याकडच्या विहिरींनी इतकी वर्षे वाट पाहावी, असे कोणता लोकप्रतिनिधी उघडपणे म्हणेल?